आधी पाणी, मग वही

"आधी पानी, मंग वही."

कुठल्याही पाड्यावर, कुठल्याही ओट्यावर बसली की तिचं पहिलं वाक्य हेच. वही मांडीखाली सरकवायची आणि हात पुढे करायची. पेला आला की त्याला ओठ लावून पिणार, तळाशी थेंब ठेवणार नाही. मग पदराने तोंड पुसून वही बाहेर काढणार. तुम्ही तिच्याबरोबर हिंडला असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, या बाईला एवढी तहान लागते तरी कशी!

मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तो रेशनकार्डांच्या पाहणीला. नव्वदीचं दशक होतं. मी एका सरकारी कचेरीत कारकून, ती शहापूरकडच्या एका बौद्धवाडीतली, छोट्या संस्थेचं काम करणारी. पाड्यांवरची माणसं मोजायची असली की कचेरीतून आधी तिलाच निरोप जायचा, कारण आम्हाला बघितलं की पाडा रिकामा व्हायचा. त्या दिवशी वैशाखरे गावाच्या पुढे एका पाड्यावर एका म्हातारीने मलाही पेला आणून दिला. मी खांद्यावरची बाटली दाखवून म्हणालो, "राहू दे, आहे माझ्याकडे." म्हातारी पेला घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिच्या घरातली नावं शेवटी हिनेच आत जाऊन आणली.

परतताना मला म्हणाली, "भाऊसाहेब, शाळंत आमाला पानी वरून ओतायचे, ओंजळीत. ज्याच्या घरचं पानी नको, त्याला आपन मानसात मोजत नाय. मंग त्यानं तरी आपल्याला घरातली मानसं कशाला मोजून दाखवायची?"

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

पंधरा घरं म्हणजे पंधरा पेले. कचेरीतल्या संडासाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. ती आली की "जयभीम भाऊसाहेब" म्हणून नुसता तळहात पुढे करायची. "पब्लिकचं पानी सरकारजमा करून येते," म्हणायची. सगळं ऑफिस हसायचं आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसायची.

मग तो वाईट श्रावण आला. पाऊस उघडेना आणि पाड्यांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरली. रोज पाड्यांवर जाणाऱ्यांची यादी टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. नर्स, ग्रामसेवक, तलाठी. यादीतल्या प्रत्येकाला गमबूट आणि रेनकोट. सकाळी जीप त्यांना वैशाखऱ्याला सोडणार, संध्याकाळी परत आणणार, आणि मी दारात उभा राहून एकेका नावापुढे खूण करणार. एखादं नाव उरलं तर लगेच माणसं पाठवून शोध घ्यायचा, असा साहेबांचा हुकूम होता. त्याच आठवड्यात एक तलाठी ओढ्यापलीकडे अडकला, तेव्हा दोर बांधून त्याला अलीकडे आणला होता.

यादी संपत आली आणि ती आली, नखशिखांत भिजलेली.

"माझं पन नाव टाका, भाऊसाहेब."

"ताई, तुम्ही कुठे स्टाफमध्ये? पदनामाच्या रकान्यात काय लिहू?"

"लिवा, पानी पिनारी."

मी हसलो. "पुढच्या यादीत बघतो," म्हणालो. टाईपरायटरला पाच कार्बन लावले होते, खाली सहीची रेघही मारून झाली होती. साहेब शेजारच्या खोलीत होते. विचारलं असतं तर नाही म्हणाले नसते. मला कागद पुन्हा लावायचा कंटाळा आला, एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडत नाही, आणि म्हणून जास्त लाज वाटते.

"बरं, मी एष्टीनं जाते," म्हणाली आणि झिजलेल्या चपलांनिशी निघाली.

पुढचं मला नर्सबाईंनी सांगितलं. त्या म्हातारीच्या पाड्यावर कोणी हंड्यात पाणी शुद्ध करायचं औषध टाकू देईना. सरकार औषध घालून मारतंय, अशी आवई उठली होती. ही गेली, म्हातारीच्या ओट्यावर बसली आणि तिने हात पुढे केला. नर्सबाई ओरडल्या, "ताई, आज इथलं पाणी तोंडाला लावू नका! औषध टाकून अर्धा तास थांबा!"

"आज नाय म्हनले, तर हंडा उघडून नाय देनार गो कोनी," ती म्हणाली आणि पेला संपवला. म्हातारीने हंडा पुढे केला. मग घरोघरचे हंडे उघडले. त्या पाड्यावर त्यानंतर एकही माणूस दगावला नाही.

ती तशीच पुढे ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेली, एकटी. मागून ओढा चढला.

त्या संध्याकाळी जीप आली, मी खुणा केल्या. "सगळे आले, सर." दुसऱ्या संध्याकाळीही सगळे आले. तिसऱ्याही. नर्सबाईंना वाटलं, ती एष्टीने घरी गेली असेल. घरच्यांना वाटलं, ती स्टाफबरोबर असेल. आणि ती पलीकडच्या एका झोपडीत जुलाबांनी सुकत पडली होती. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं, तेव्हा वस्तीवाल्यांनी तिला बांबूच्या झोळीतून रस्त्यावर आणलं. जीप समोरच उभी होती. पण तिला आता जीपचा काही उपयोग नव्हता.

दिवाळीनंतर पुन्हा पाहणी निघाली आणि मी त्याच पाड्यावर गेलो. बाटली घरीच ठेवली होती. म्हातारीच्या ओट्यावर बसलो, वही मांडीखाली सरकवली आणि म्हणालो, "आजी, आधी पाणी."

तिने आधी माझ्या रिकाम्या खांद्याकडे बघितलं. मग पेला आणला. मी ओठ लावून प्यायलो आणि वही उघडली.

"घरात माणसं किती?"

म्हातारी बोटांवर मोजू लागली. पोरगा, सून, दोन नातवंडं, ती स्वतः. सहावं बोट धरून म्हणाली, "आनि बाय."

"आजी, बाई गेल्या."

"ठावं हाय. माज्याच घरचं पानी पिऊन गेली." वहीकडे बोट करून म्हणाली, "तुमच्या यादीत नव्हती नं ती? आमच्यात लिवा."

मी तिचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहू, हे विचारलं नाही.