ताईंचं रडणं

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या ताई विनोदी मालिकांत आणि सिनेमांत छोटी कामं करायच्या. भांडखोर शेजारीण, लग्नात रुसलेली आत्या, असलंच काहीतरी. प्रत्येक कामात त्यांना एकदा तरी भोकाड पसरावं लागायचं. आधी हुंदका, मग लांबलचक हेल आणि शेवटी उचकी. त्या उचकीला लोक हमखास हसायचे. मिरा रोडच्या बाजारात भाजीवालाही म्हणायचा, "मॅडम, एक बार रोके दिखाओ ना!" त्या रडून दाखवायच्या आणि पिशवी उचलून मान खाली घालून निघायच्या.

एरवी त्या अगदी हळू बोलायच्या. काशीमीऱ्याला शूटिंगला निघताना, खिडकीपाशी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला खालून हात करायच्या.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांना खाली आणलं तेव्हा ताईंनी हंबरडा फोडला. हुंदका, हेल, आणि मग खरोखरच उचकी आली. जिन्यात उभी असलेली एक बाई फिसकन हसली. तिने लगेच तोंडावर हात धरला, पण ताईंनी ऐकलं होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी पिठलं-भात घेऊन गेले. त्या एकट्याच बसल्या होत्या.

"तिला काही बोलू नका हं," त्या म्हणाल्या. "तिची काय चूक? मला दुसरं रडताच येत नाही हो."

मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "जाताना जरा टीव्ही लावता? बातम्या लावा. आवाज मोठा ठेवा."

मी टीव्ही लावला, आवाज वाढवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.