दुनळीचं पार्सल

ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा माझे सासरे गेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. आमचं शेत येडशीच्या अंगाला, रामलिंगाच्या डोंगराला अगदी खेटून. डोंगरातली रानडुकरं तिन्हीसांजेला खाली उतरायची आणि एका फेरीत पट्टाच्या पट्टा लोळवायची. म्हणून मामंजी रोज दिवेलागणीला शेतातल्या माळ्यावर चढून आपल्या दुनळी बंदुकीतून नुसत्या दारूचा एक बार काढायचे. त्या आवाजासरशी मी चुलीपुढून उठून कंदील लावायची. नवी नवरी म्हणून आले तेव्हा दचकायची, पुढं पुढं तो बार झाला नाही तरच चुकल्यासारखं व्हायचं.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा ती बंदूक जमा करावी लागली होती. चौकशी होऊन परवान्यासकट परत मिळाली, आणि तेव्हापासून मामंजी तिच्या बाबतीत फार काटेकोर झाले होते. कुलूपबंद पेटीत ठेवायचे. आपल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, माझ्या मालकांनासुद्धा नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी पीठ मळत होते आणि शेताकडून बार झाला. माझे हात पिठात तसेच राहिले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"दिवा लाव," म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्ही ऐकलं?"

"कान हायत की मला."

हे गोठ्यातून धावत आले. पेटीची किल्ली यांच्याच करगोट्याला होती. पेटी उघडली तर बंदूक फडक्यात गुंडाळलेली, गार. "पलीकडच्या खोऱ्यात कुणी शिकारी आला असंल," हे म्हणाले. पण पेटी बंद करताना कुलपाशी बराच वेळ खटपट करत राहिले.

घरात बंदूक ठेवायची सोयच नव्हती आता. परवाना मामंजींच्या नावाचा, माणूस गेला की परवानाही गेला. यांनी ठाण्यात कळवलं आणि हवालदार स्वतः येऊन ती कारतुसांसकट घेऊन गेले, पावती दिली. मला वाटलं, सुटलो. त्या सांजेला मी निवांत चुलीपुढं बसले.

बार झाला. माळ्याकडूनच.

पुढं रोज होऊ लागला. आमचा सालगडी रात्री शेतात झोपायचा, तो एक दिवस घोंगडं गुंडाळून घरी आला. यांनी विचारलं तर म्हणाला, "राखणीला थोरले मालक हायत की. माझं काय काम तिथं?" तो भेदरलेला नव्हता, उलट मान राखून बोलत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्या दिवसांत एकही डुक्कर आमच्या बांधावर चढलं नाही. शेजाऱ्यांची शेतं उकरलेली, आमची ज्वारी उभी.

मामंजींचे धाकटे भाऊ लातूरला असायचे. त्यांच्याकडे परवाना होता. त्यांनी अर्ज करून ही बंदूक आपल्या परवान्यावर चढवून घेतली. पण स्वतः येऊन न्यायला ते तयार नव्हते. मग ती तिकडं पोचवायची कशी? हे आधी पोस्टात गेले. पोस्टमास्तर म्हणाले, "बंदूक मी टपालात घेणार नाही. रेल्वेच्या पार्सलनं पाठवा, अन् तेही कलेक्टर साहेबांची लेखी परवानगी असंल तरच." यांना स्वतःला ती हातात घेऊन गाडीत बसता येत नव्हतं, यांच्या नावावर परवाना कुठं होता? परवानगी आली तशी सुताराकडून पेटी करून घेतली. बंदूक ठाण्यात हवालदारांपुढं बांधायची, त्यांनीच स्टेशनपर्यंत सोबत यायचं, असं ठरलं.

जायच्या दिवशी आत्याबाई आपणहून बैलगाडीत येऊन बसल्या. "मी येणार," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या सोबतीला मी.

ठाण्याच्या ओसरीवर हवालदारांनी बंदूक आणली. वयस्कर, सावकाश माणूस. त्यांनी ती बिजागरीत मोडून उघडली, दोन्ही नळ्या उजेडाकडं धरून आरपार पाहिलं. मोकळ्या होत्या. मग एका नळीला नाक लावलं आणि थांबले.

"ही कुणी उडवली?"

"आमच्याकडं कुणी हात लावला न्हाय," हे म्हणाले. "अन् महिना झाला, तुमच्याच कोठीत हाय."

"कोठीची किल्ली माझ्याकडं असती." त्यांनी गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवली. चिंधी काळीभोर निघाली, ओलसर. जळक्या दारूचा वास माझ्यापर्यंत आला, अगदी ताजा. हवालदारांनी जमा केलेली कारतुसं आणून मोजली, पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं. त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाई बंदुकीकडं बघत होत्या, पंगतीत कुणाला वाढायचं राहिलंय का बघावं तसं.

 नळ्या पुसून तेल लावलं. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, दोन्ही फडक्यात गुंडाळून कडब्याच्या चिपाडांत घट्ट बसवले. कारतुसं पार्सलात घालता येत नव्हती, ती ठाण्यातच राहिली. झाकणाला खिळे ठोकले, सुतळी आवळली, लाखेची मोहोर केली. 

स्टेशनवर पार्सलबाबूंनी कागद वाचले, मोहोर तपासली, आणि पेटी फलाटावर ठेवली. लातूरकडं जाणाऱ्या छोट्या गाडीला वेळ होता. आत्याबाई पेटीजवळ जाऊन खाली बसल्या, पदर सावरला आणि झाकणावर हात ठेवला. मी मागंच उभी होते.

"जावा आता," त्या हळू म्हणाल्या. "हितलं आमचं आमी बघतो. तिकडं भाऊ हाय, घर हाय. असं उघड्यावर किती दिवस राहायचं?"

मग त्यांनी मान जराशी कलती केली. समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यावं तशी. आणि म्हणाल्या, "व्हय. खाल्लं मी."

 यांनी ऐकलं होतं की नाही कोण जाणे, हे रुळांकडं तोंड करून उभे होते. गाडी आली, हमालानं पेटी डब्यात चढवली, पार्सलबाबूंनी पावती यांच्या हातात दिली.

परत येताना डोंगराखाली पोचलो आणि दिवस मावळला. हवालदारांचं काम संपलं होतं, तरी ते आमच्या गाडीतच होते. यांनी बैल थांबवले. चौघंही ऐकत बसलो. अंधार पडला, रातकिडे सुरू झाले. काहीच झालं नाही. तेव्हा आत्याबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मामंजी गेले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर डुकरांनी निम्मी ज्वारी लोळवली होती. मागं उरली ती आम्ही पत्र्याचे डबे बडवून कशीबशी राखली.

गुढीपाडव्याला लातूरचे काका आले. पार्सल धडपणे मिळालं होतं, मोहोर शाबूत होती, ठाण्यात दाखवून त्यांनी नोंद करून घेतली होती. जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, एक इचारू? बंदूक म्या खुंटीला लावली ती लावली. एकदाबी उडवली न्हाय. पर गल्लीतले लोक म्हणत्यात, रोज दिवेलागणीला बार कशाला काढता? मला तर काय ऐकू येत न्हाय."

आत्याबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "न्हायच येणार तुमाला," म्हणाल्या. "ते गेलं तवा तुमी आला न्हाय."

काकांचा हात घासावरच राहिला. भावाभावांत जमिनीवरून अबोला होता, आणि ते मयतीला आले नव्हते. थोड्या वेळानं ते ताटावरून उठले, बाहेर जाऊन शेताकडं तोंड करून उभे राहिले. हे त्यांच्यामागं जायला निघाले तर आत्याबाईंनी अडवलं.

"राहू दे त्याला," म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "पाणी नेऊन दे. उन्हाचं आलंय पोरगं."

साठीला टेकलेला माणूस तो. मी तांब्या घेऊन बाहेर गेले. काका बांधापर्यंत गेले होते आणि डोक्यावरचा पटका काढून दोन्ही हातांत धरला होता. मी तांब्या जवळच्या दगडावर ठेवला आणि घरात आले.