गारांची घंटा

लेनार्ट कोकोलकडे मत विचारायला आमच्या डोंगरावर कोणी जात नसे. ते घरपोच मिळे. दुरुस्तीला दिलेला रेडिओ तो स्वतः आणून देई, टेबलावर ठेवी, लावून दाखवी आणि मग खुर्ची ओढून बसे. रेडिओत काय बिघडलं होतं ते दोन वाक्यांत सांगून झालं की जगात काय बिघडलंय त्याकडे वळे. चहा गार होई, वाईन संपे, पण लेनार्टचं संपत नसे.

आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले आणि तो गावाचा वायरमन, रेडिओवाला, टीव्हीवाला. चर्चमध्ये तो प्रार्थनेला कधी बसला नाही, पण चर्चचं सगळं वायरिंग त्याच्या हातचं. म्हणायचा, "देव आहे की नाही, मला माहीत नाही. त्याच्या घरातली तार मात्र उंदीर कुरतडतात, एवढं मी पाहिलंय." रविवारी त्याची बायको तिल्का मिस्साच्या प्रार्थनेला आत जाई आणि हा बाहेर लिंडनच्या झाडाखाली बाकावर बसे. प्रवचन मात्र कान देऊन ऐके, कारण घरी जाताना त्याला ते खोडून काढायचं असे.

त्याच्या मतांमध्ये एक शिस्त होती. स्क्रूड्रायव्हरने उघडता येत नाही ती वस्तू आपली नाही, आपण तिचे, असं तो म्हणे, आणि म्हणून त्याने नवा फोन घेतला नाही. गावात एकच टीव्ही होता तेव्हा लोक एका खोलीत बसून भांडायचे, आता घरोघरी टीव्ही आहे आणि भांडायला कोणी नाही, याला समाज म्हणायचं का, असं विचारे. एकदा त्यांच्याच स्वयंपाकघरात तो मला विज्ञान समजावत होता.

"विज्ञान म्हणजे काय, झिंका? कोणी चूक दाखवली तर रुसायचं नाही. बस, एवढंच."

तिल्का भोपळ्याच्या बियांचं तेल सॅलडवर सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तू जन्मभर धर्मच पाळलास म्हण की."

तो दोन दिवस रुसला होता.

सगळ्यात ठाम मत गारांबद्दलचं. आमचे द्राक्षमळे इतक्या उभ्या चढावर आहेत की तिथे यंत्र चालत नाही. वर्षभराची कमरेची दुखणी एका दुपारच्या गारपिटीत मातीला मिळतात. म्हणून काळा ढग आला की आमच्या सेंट उर्बन चर्चची मोठी घंटा वाजवायची, ही आमची रीत. घंटेने ढग फुटतो, गारा विरघळतात, असं मानतात. हल्ली ढगांवर काहीतरी फवारायला सरकारी विमानही येतं. लेनार्ट म्हणे, "तीही घंटाच. फक्त सरकारी." घंटेने ढग फुटत नाही, उलट मनोऱ्यावर वीज पडते आणि दोर धरणारा मरतो, हे तो गावात येईल त्याला ऐकवे. लोक मान डोलवत आणि ढग आला की चर्चकडे बघत.

हे मत त्याला पुस्तकातून मिळालेलं नव्हतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचे वडील चर्चचे घंटावाले होते. आम्ही तिसरीत असताना जुलैमधल्या एका वादळात ते घंटा वाजवत होते आणि घंटा मध्येच थांबली. आमच्याकडे वादळात घंटा थांबली की लोक आधी चिडतात. त्या दिवशीही चिडले. खालच्या मळ्यातून कोणीतरी ओरडलं, "झोपला वाटतं म्हातारा. ए पोरा, जा, उठव जा बापाला." लेनार्ट धावत गेला. वडील पायरीवर बसलेले होते, दोर हातात होता, आणि बूट पायांतून निघून भिंतीशी पडले होते. लेनार्टने ते बूट उचलून त्यांच्या पायांत घालायचा प्रयत्न केला. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आम्ही दोघं साठीच्या पुढे गेल्यावर. सांगताना नाडीची गाठ मारावी तशी त्याची बोटं टेबलावर हलत होती.

तेव्हापासून ढग गडगडला की लेनार्ट तळघरात. सगळ्या तारा काढायच्या, वाईनच्या पिंपांमधल्या फटीत स्टूल ठेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. वर स्वयंपाकघरात तिल्का, वीज घरावर पडू नये म्हणून, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी फादरनी आशीर्वाद दिलेल्या काटक्या चुलीत घाली. खाली हा, वर तो धूर. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि दोघांनी एकमेकांना यावरून कधी चिडवलं नव्हतं.

घंटेला विजेची मोटर बसली ती लेनार्टच्याच हट्टाने. फुकट काम केलं. मोटर बसल्यावर त्याने जुना दोर काढून परसात जाळला आणि राख होईस्तोवर तिथे उभा राहिला. आता वादळात कोणीतरी बटण दाबी आणि घरी पळे. घंटा वाजे, दोराला कोणी नसे. तो म्हणाला, "तुमची श्रद्धा शाबूत, माणूसही शाबूत. आणखी काय हवंय?"

त्या वर्षी जुलै अखेरीला, सेंट जेम्सच्या सणाच्या आदल्या दुपारी, मी माझा पंखा दुरुस्तीला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. तिल्का फुलं लावायला चर्चमध्ये गेली होती. मळ्यामळ्यांत पाखरं हाकलायचे लाकडी खडखडे नुकतेच उभे केले होते, सकाळपासून वाऱ्यावर त्यांची खडखड चालू होती. ती एकदम थांबली. लेनार्टने पंख्यातून मान वर केली.

"ऐकलंस?"

"काय?"

"काहीच नाही, तेच."

आम्ही बाहेर पाहिलं. क्रोएशियाच्या बाजूने आकाश हिरवट काळं झालं होतं आणि त्याखाली एक पांढरा पट्टा सरकत येत होता. पांढरा पट्टा म्हणजे गारा, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. लेनार्टने प्लग काढले, माझा हात धरला आणि आम्ही तळघरात उतरलो. तो त्याच्या स्टुलावर बसला, मी उलट्या टोपलीवर. वर मोटरची घंटा सुरू झाली. एकसारखी, घड्याळासारखी.

"तिल्काने बटण दाबलं," तो म्हणाला. "आता ती खाली फादरच्या घरात जाईल. मी सांगून ठेवलंय. दाबायचं आणि निघायचं."

मग कडाडलं. तळघरातला दिवा गेला आणि घंटाही गेली.

अंधारात मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "वीज गेली," तो स्वतःलाच समजावत होता. "सगळ्या गावाची गेली. मोटर थांबली. साधी गोष्ट आहे. साधी गोष्ट."

आणि घंटा पुन्हा सुरू झाली.

पण ही वेगळी होती. एक टोला जोरात, पुढचा अर्धवट, मग मध्ये थोडी वाट बघायला लावून तिसरा. लेनार्ट उभा राहिला; झरोक्यातून चमकणाऱ्या विजेत मला तो दिसत होता. पिंपाला धरून तो ऐकत होता.

"ही मोटर नाही."

"लेनार्ट, बस खाली."

"कोणीतरी ओढतंय. दोर नाहीये तिथे, झिंका. मी जाळला. दोर नाहीये."

वसंतात शेजारच्या रोझाने आणि तिल्काने गवताच्या गाड्यावर आवळायचा दोर वर नेऊन बांधला होता, हे आम्हा बायकांना ठाऊक होतं. मोटरवर भरवसा आहे, पण वीज मंडळावर नाही, असं रोझा म्हणाली होती. माझ्या गप्प बसण्यावरून त्याला कळलं.

"तिल्का," तो म्हणाला.

वर गारा पडायला लागल्या होत्या. कौलांवर बटाट्यांचं पोतं ओतावं तसा आवाज. त्यातून घंटा येत होती, वाकडीतिकडी, पण येत होती. तो प्रत्येक टोल्याला मान हलवत होता. "आहे," म्हणे. "आहे. आहे." त्याला दाराकडे जायचं होतं आणि पाय जात नव्हते. तो एक पायरी चढे, आकाश कडाडे आणि तो परत पिंपाला चिकटे. इतका घाबरलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि मी घाबरलेल्या मुलांमध्ये नोकरी केली आहे.

मग घंटा थांबली.

आम्ही पुढच्या टोल्याची वाट पाहिली. तो आला नाही.

लेनार्टने कोपऱ्यातलं पिंप उचललं, द्राक्षं पाठीवरून वाहायचं लाकडी पिंप असतं ते, उलटं करून डोक्यावर घेतलं आणि तो पायऱ्या चढून गेला. मी भिंतीवरचं पत्र्याचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि मागे निघाले. त्या वयात मला ते शोभत नव्हतं, पण त्याला एकट्याला त्या पायऱ्यांवर जाऊ द्यायचं माझ्याच्याने होईना. घमेल्यावर गारांचा असा ताशा वाजत होता की कान बंद झाले. पुढे तो धावत होता, पिंपाखाली दोन पाय, आणि आतून एकच शब्द पुन्हा पुन्हा घुमत येत होता. बायकोचं नाव.

मनोऱ्याचं दार उघडं होतं. तिल्का पायरीवर बसलेली होती.

तो दारातच थिजला. पिंप खाली पडून गडगडत गेलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या पायांकडे बघत होता. बूट पायांत होते.

"काय झालं?" तिल्का म्हणाली. ती तळहातांवर फुंकर घालत होती. "दम खातेय जरा. दोर खरबरीत आहे मेला."

लेनार्ट खाली बसला आणि त्याने तिचे दोन्ही घोटे धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

"घरी चल," तो म्हणाला.

"घंटा कोण वाजवणार? खाली रोझाचा मळा आहे, आपला आहे, झिंकाचा आहे."

"तिल्का, याने काही होत नाही. हवेत आवाज जातो आणि जिरतो. ढगाला कान नसतात."

"असेल. पण थांबली की लोकांचा जीव जातो. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

ती उठली आणि तिने दोराला हात घातला. तेव्हा त्याने तिला बाजूला ढकललं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं तिल्का नंतर म्हणाली. दोर त्याने स्वतःच्या हातात घेतला.

"मी ओढतो. तू जा. झिंका, हिला फादरच्या घरात ने. भिंतीला टेकू नका."

"तू?" तिल्का म्हणाली.

"जा म्हटलं ना."

मी तिला ओढत नेलं, पण ती अंगण ओलांडून फादरच्या दारातच उभी राहिली आणि तिथून हलेना. तिने रोझरीची जपमाळ काढली. समोर मनोऱ्याच्या उघड्या दारातून लेनार्ट दिसत होता. डोळे घट्ट मिटलेले, आणि दोर ओढता ओढता तो मोठमोठ्याने बोलत होता. गडगडाट ऐकू येऊ नये म्हणून बोलत असावा. अधूनमधून शब्द आमच्यापर्यंत येत. "थोतांड," आणि घंटा. "शुद्ध थोतांड," आणि घंटा. "ओला दोर... वाहक असतो... शाळेतल्या पोराला कळतं," आणि घंटा. इकडे तिल्काची रोझरी, तिकडे त्याचं विज्ञान, दोन्ही एकाच टोल्यावर पुढे सरकत होतं. प्रत्येक विजेला तिल्का माझं मनगट दाबी. दोन दिवस तिथे काळंनिळं होतं.

वादळ गेलं. खालचे मळे गेले. माझा गेला, त्यांचा अर्धा गेला. वरच्या रांगांत घड शिल्लक राहिले. संध्याकाळी लोक काठ्या टेकत नुकसान बघत फिरत होते तेव्हा रोझाने लेनार्टला बांधावर गाठलं.

"काही म्हण बाबा, तू हात लावलास आणि गारा बारीक झाल्या. मी डोळ्यांनी पाहिलं."

"रोझा, खालचा सगळा मळा झोपलाय. कुठे बारीक झाल्या?"

"वरचा वाचला ना."

"वरचा वाचला कारण वरच्या बाजूला ढग नव्हता."

"मग तो ढग तिथून कोणी हाकलला?"

लेनार्ट वळला आणि घराकडे चालू लागला. त्याचे तळहात सोलले होते आणि तिल्काने त्यांवर हंसाची चरबी लावून फडकं बांधलं होतं.

ऑगस्टभर तो दिसला नाही. मतं द्यायला आला नाही, माझा पंखा तसाच राहिला. सप्टेंबरमध्ये फादरनी दाखवलं. मनोऱ्यात ट्रॅक्टरच्या मोठ्या बॅटऱ्या मांडल्या होत्या, गावाची वीज गेली तरी मोटर चालावी म्हणून. गवताचा दोर नव्हता. आणि मोटर सुरू करायचं बटण लेनार्टच्या स्वयंपाकघरात होतं, चुलीशेजारी, आशीर्वादाच्या काटक्यांच्या टोपलीच्या वर, भिंतीत. मध्ये तार नव्हती. तार म्हणजे विजेला घरी जेवायला बोलावणं, असं तो म्हणाला. सगळं बिनतारी, जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांतून केलेलं.

"ज्यावर विश्वास नाही त्याच्यासाठी एवढी खटपट?" मी विचारलं.

"खटपट घंटेसाठी नाही," तो म्हणाला, आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला तळघरात उतरला.

मी बटण नीट पाहिलं. ते फक्त सुरू करायचं होतं. बंद कसं करायचं, असं विचारल्यावर तिल्काने खाली तळघराकडे बोट दाखवलं.

"इथून बंद होतच नाही, बाई. त्याने ठेवलंच नाही. वादळ पार गेलं की तो स्वतः वर जातो आणि हाताने बंद करतो."

आताही पांढरा पट्टा दिसला की मी कधी कधी त्यांच्याकडे जाते. तिल्का काटक्या चुलीत घालते. खालून, पिंपांमधून, भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा आवाज येतो.

"तिल्का, दाबलंस का?"

"दाबलं रे."

"मग वाजत का नाही?"

"वाजेल. धीर धर."

आणि वर घंटा सुरू होते.