पॅनेलमागची ओल

विकायला काढलेल्या घरात परकी माणसं कशी वावरतात ते मी पाहिलंय. आठवलं की अजून शिसारी येते. बूट घालून देवघरापर्यंत जातात. संडासात डोकावतात, फ्लश दाबतात, पाणी जाईपर्यंत वाकून बघत राहतात आणि हात न धुता पुढच्या खोलीतली कपाटं उघडतात. एकाने तर नव्या कोऱ्या बेसिनमध्ये मावा थुंकला, नळ सोडला आणि म्हणाला, "निचरा चांगला आहे." ते बेसिन मी घासलं.

घर सावेडीतलं, काकूंचं. काकू शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागून इथल्या एमआयडीसीत आले. नवरा पुढे दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या संसारात गेला, मी इथेच उरले. काकूंनी मला स्वयंपाकाला ठेवलं आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, "इथून रात्रीची कुठे जातेस? मागची खोली रिकामीच आहे की." त्या एका वाक्यावर माझी इतकी वर्षं गेली. वाचायची सवयही त्यांनीच लावली.

मग त्यांचे गुडघे गेले. लेक आणि जावई पुण्यात. बंगला विकायचा आणि लेकीजवळ फ्लॅट घ्यायचा असं ठरलं. "दोन बेडरूमचा मिळाला तर एक हिची," काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या. एकाच बेडरूमचा परवडला तर काय, यावर कोणी बोललं नाही. फक्त जावई माझ्याकडे बघून म्हणाले, "ताईंचं मग बघू काहीतरी." त्या 'बघू'ने माझी झोप गेली. बंगल्याला किंमत चांगली यावी म्हणून मी शनीला तेल बोलले, आणि ज्याच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात त्या देवाला घर विकायला सांगतेय म्हणून स्वतःवरच ओशाळले.

जावई माणूस वाईट नव्हे. पण ते मोबाईलवर व्हिडिओ बघून यायचे. कोणत्या कामाचा पैसा घर विकताना वसूल होतो, कोणत्या कामाचा बुडतो, हे त्यांना तोंडपाठ. "आई, आधी किचन. मग बाथरूम. मग घराचं तोंड. गिऱ्हाईक पहिल्या दोन मिनिटांत ठरवतं."

"आणि हॉलच्या भिंतीची ओल?" काकूंनी विचारलं.

"ती झाकू. पीव्हीसी पॅनेल लावलं की संपलं."

"काढायची नाही?"

"काढायला गच्ची उकरावी लागते. गच्ची कोण बघतंय? दिसतं त्याचाच पैसा परत येतो."

खरं सांगायचं तर काकूंना जावयांचं म्हणणं पटावं असंच मला वाटत होतं. दिसणाऱ्या गोष्टींनी मला एक खोली मिळणार असेल तर दिसू देत, असं वाटायचं.

मग कामाची घाण सुरू झाली. थिनरचा वास भातात उतरायचा. सिमेंटची पूड दुधावर साय धरावी तशी धरायची. मजबूत कडप्प्याचा ओटा फोडला आणि त्याजागी चकचकीत लाल दारांचं मॉड्युलर किचन आलं. त्या दारांवर माझ्या बोटांचे ठसे उठायचे आणि जावई पुण्याहून आले की ते पुसायला सांगायचे. हॉलमधल्या ओल्या भिंतीचे पोपडे खरवडले तर आत काळी बुरशी, आणि फटीतून झुरळं पिठासारखी सांडली. त्यावरच पट्ट्या ठोकल्या आणि लाकडासारखं दिसणारं पॅनेल चढवलं. कारागिराने कौतुकाने त्यावर हात फिरवला. घाणेरडं अंग न धुता त्यावर जरीचं लुगडं नेसवावं तसं ते दिसत होतं.

शेवटी मागची मोरी. फाटकातून घराच्या कडेने एक बोळ मागे जायचा, तिथे उघड्यावर एक नळ, एक फरशी आणि कपडे धुवायचा दगड होता. दगडाला शेवाळ, कडेला घुशीचं बीळ. तिथे भांडी घासताना पायावरून काय जाईल सांगता यायचं नाही. जावई म्हणाले, "हे चाळीसारखं दिसतंय. बोळ बंद करून स्टोअररूम काढू. जादा खोली म्हणून दाखवता येईल." नळ उखडला, बोळ बांधून काढला, पुढे पेव्हर ब्लॉक बसवले. ती मोरी गेल्याचा आनंद घरात सगळ्यात जास्त मला झाला.

मग माणसं यायला लागली. मावा थुंकणारा त्यातलाच. एक शिकलेलं जोडपं आलं, त्यांनी किचन बघून मोबाईलमध्ये दिशा लावली. "शेगडी दक्षिणेला येते. हे सगळं काढूनच टाकावं लागेल," बाई म्हणाली. नवऱ्याने पॅनेलवर टकटक केलं, कान लावला, नाक लावलं, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. पुन्हा काही त्यांचा फोन आला नाही.

त्यानंतर पुणतांब्याकडचं एक शेतकरी कुटुंब आलं. नातवंडांच्या शाळेसाठी त्यांना सावेडीत घर हवं होतं. आजोबा, आजी, मुलगा, सून. आजींनी चपला फाटकाशी काढल्या, हे पाहूनच मी त्यांना आधी चहा दिला. मुलगा किचनवर खूश होता. सून लाल दारं उघडझाप करत होती. आजोबा छताच्या दिव्यांकडे बघून म्हणाले, "लई चकाचक हाय. घर हाय का साड्याचं दुकान?"

आजी मात्र बाहेर गेल्या, आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. शेवटी काकूंसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, मौतीवरनं आलेल्या मानसानं पाय कुठं धुवायचे?"

जावई पुढे झाले. "आजी, तीन बाथरूम आहेत. एकात गिझर पण आहे."

"आन् तिथवर जायाचं कसं? सुतक घेऊन, देवघरापुढनं?"

"आत्या, शहरात कोन बघतंय," सून पुटपुटली.

"तुजी आई जाईल तवा बघू कोन बघतंय ते," आजी म्हणाल्या. "आमची भावकी चाळीस घरांची हाय. कोनी ना कोनी जातंच. मागं वाट न्हाई, भायेर नळ न्हाई, हे कसलं घर?"

"पेव्हर ब्लॉकवर पाइप लावून देतो ना," जावई म्हणाले.

"म्हंजे समद्या गल्लीनं बघावं," आजोबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मी स्टोअररूमच्या दाराशी उभी होते. आमच्या गोंदियाकडे घरामागे सांदवाडी, म्हणजे मागचं अंगण असतं, मयतीवरून आलेला माणूस तिकडूनच येतो, आंघोळ करून मगच चौकटीला हात लावतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण इतक्या लांब आल्यावर माझ्या माणसांच्या मौतीचे फक्त फोन येतात. आईच्या वेळी तर मी पोचलेच नाही. त्या बाहेरच्या नळाखाली पाय धुवायची वेळ मला कधी आलीच नव्हती.

ती मंडळी फाटकाबाहेर गेली. लाल किचनकडे बघून ते खोबणीतून उपटून टाकावंसं वाटलं. काकू मात्र लंगडत फाटकापर्यंत गेल्या आणि त्यांनी आजींना हाक मारली. "आजी, वाट होती. नळही होता. पुन्हा काढून दिला तर?"

"आत्ताच तर बांधलंय ते, आई," जावई म्हणाले.

"पाडायला कितीसा वेळ लागतो, जावईबापू?"

स्टोअररूम पाडली. नळ आला, फरशी आली. सगळ्या कामांत तेच काम स्वस्त आणि त्यानेच गिऱ्हाईक मिळालं. सौद्याच्या दिवशी आजोबा म्हणाले, "घराचे देतो. त्या लाल कपाटाचे देनार न्हाई, आमाला वटा बांधायचाय. आन् भितीवरच्या त्या फळीचे बी न्हाई. तिच्यामागं ओल हाय, गच्चीवर जाऊन बघितलंय आमी." काकूंनी मान डोलावली. बंगला साधारण त्याच किमतीला गेला, जी काहीच न करता आली असती. वर केलेला खर्च धुऊन गेला.

त्या पैशात पुण्यात एका बेडरूमचा फ्लॅट बसत होता. हे मला कोणी सांगितलं नाही, पण चहा देताना सगळे माझ्याकडे बघायचं टाळायचे.

तरी काकू हट्टाने दोन बेडरूमचे फ्लॅट बघत राहिल्या. एकदा मलाही बरोबर नेलं. जुनी इमारत, लिफ्ट होती. विकणाऱ्या गृहस्थांनी अभिमानाने लाल दारांचं किचन दाखवलं. धाकट्या बेडरूमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडासारखं पॅनेल होतं. मला तो वास दारातच आला.

"ठोक बघू," काकू म्हणाल्या.

मी ठोकलं. पोकळ वाजलं. आतून काहीतरी सरसरत गेलं. जावई खिडकीबाहेर बघायला लागले.

काकू त्या गृहस्थांकडे वळल्या. शाळेत वापरायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "फ्लॅटचे देते. कपाटांचे आणि या फळीचे देणार नाही. मागे ओल आहे. आम्ही हे काढूनच टाकणार." गृहस्थ बरंच बोलले, नवीन केलंय, केवढा खर्च आलाय. काकू खुर्चीत बसून ऐकत राहिल्या आणि उठल्याच नाहीत. फ्लॅट कित्येक महिने पडून होता, हे आम्हाला खाली वॉचमनने आधीच सांगितलं होतं. दोन चकरांनंतर ते आमच्या पैशात बसेल एवढे उतरले.

ती धाकटी खोली माझी. पहिल्याच दिवशी मी पॅनेल उपसून काढलं. मागची भिंत काळीनिळी, बोट लावलं की ओलं पीठ हाताला यायचं, झुरळं माझ्या पायांवरून कॉटखाली पळाली. मी नाकाला पदर लावून सगळं झाडलं, जिन्याखाली नेऊन टाकलं. वरच्या मजल्यावरची गळती काढून द्यायला सोसायटी कबूल झाली आहे, अजून दिली नाही. वास अजून येतो. रात्री मी त्या भिंतीकडे पाठ करून झोपते, खिडकी उघडी ठेवते, आणि शेजारच्या खोलीत काकू घोरतात ते ऐकू येतं.