लोकरीची चिमणी

मिस्टरांचा रिपोर्ट मिळायला दोन तास लागणार होते, म्हणून मी उरल्यासुरल्या सामानाची पिशवी सिल्वासाच्या दवाखान्यात बरोबर नेली होती. लेसचे तुकडे, टिकल्या, लोकरीची टोकं. माझ्या कामांच्या यादीत लिहिलं होतं: सहा भेटकार्डं, सामान संपवणे.

शेजारी नरोलीच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक बाई बसली होती. तिची मुलगी सकाळपासून प्रसूतीसाठी आत होती. बाईची नजर बंद दारावरून हलत नव्हती, हात मात्र सारखे पदर पिळत होते.

“ती लोकर देता का ताई? पाळण्यावर टांगायला चिमणी करते. बाळ यायच्या आधी नवं काही आणत नाहीत. उरलेलं चालतं.”

दोन बोटांवर तिने पिवळी लोकर भराभर गुंडाळली. चिमणीचा आकार दिसायला लागला आणि तिने सगळी उलगडून टाकली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा उलगडली.

मला राहवेना. “अहो, छान होत होती की!”

“पुरी झाली की ती नवीच झाली ना ताई,” ती दाराकडे बघत म्हणाली.

काम पूर्ण होण्याची भीती वाटू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं. माझीही कात्री चालेना. मीसुद्धा दाराकडे बघत बसले.

शेवटी नर्स बाहेर आली. “माँजी, बेबी आली. दोघी बऱ्या आहेत.”

बाई उठली, परत बसली आणि लोकर गुंडाळलेली बोटं माझ्यापुढे धरली. “बांधा ताई. माझे हात ऐकत नाहीत.”

एक गाठ पुरली असती. मी तीन मारल्या.