तिसऱ्या खणाचा आवाज

“दुसऱ्याचं उतरलेलं आम्ही नाही वापरत.”

हे आईचं वाक्य. मी त्याची हुबेहूब नक्कल काढते. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, ‘उतरलेलं’मधल्या ‘त’वर असा जोर की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. घरातले हसून लोळतात. आई सोडून.

आई कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीत दोऱ्यांची रिळं आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असताना ती जे बोलते ते फक्त मला समजतं. ‘उं’ म्हणजे हात वर करा. ‘उंऽ’ म्हणजे पोट आत घ्या. ‘उं उं उं’ म्हणजे बाई, या मापात तुम्ही मावणार नाही.

माप द्यायला येणाऱ्या बायकांसाठी तिला आरशाचं, खणांचं टेबल हवं होतं. कुठलंही नाही, मोठ्या काकूकडे होतं तसं. मोठी काकू म्हणजे आईची थोरली जाऊ. तिच्याकडे गेलं की आई त्या आरशासमोर उगाच केस सारखे करत राहायची. केस सारखेच असायचे.

मग काकूने नवीन टेबल घेतलं आणि भरल्या घरात म्हणाली, “अगं, जुनं तूच घेऊन जा की. नाहीतरी तुझ्याकडे कुठे काय आहे!” हे ‘नाहीतरी’ काकूचं खास. इतकं गोड की टोचल्याचं घरी पोचल्यावर कळतं. आईला मात्र जागच्या जागी कळलं. तिने हनुवटी वर केली आणि ते वाक्य म्हटलं, ‘त’सकट. बाबा छताकडे बघायला लागले. काकूने टेबल जुन्या फर्निचरच्या दुकानात देऊन टाकलं.

त्यानंतर आई त्या दुकानावरून भाजी आणायला जाऊ लागली. भाजी उलट्या दिशेला मिळते.

आणि एका दुपारी हातगाडीवरून ते टेबल आमच्या दारात उतरलं. फुकट मिळत होतं तेव्हा नको म्हणाली, आणि आता पैसे देऊन, घासाघीस करून घेऊन आली.

“अगं, हे तर वहिनीचं...” बाबा म्हणाले.

“होतं,” आई म्हणाली. “ओळखून दाखवा म्हणावं.”

मग सुरू झालं काम. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवा हात गेला की आई ओरडायची. घर, डाळ, माझ्या वह्या, सगळ्यावर तांबूस भुगा. भेगांत लांबीचा लगदा भरला. खणांना आणि पायांना निळसर राखाडी रंग दिला. पितळी मुठी काढून पांढऱ्या बसवल्या. आरशाच्या माथ्यावर कोरलेलं एक फूल होतं, ते करवतीने कापताना आईने माझ्याकडे पाहिलं नाही. वरच्या फळीवर लाकडात मुरणारा गडद रंग, स्टेन, दिला, चिंधीने चोळून चोळून. सगळीकडे छान बसला, फक्त एका कोपऱ्यात गोल डाग उरला. काकूच्या तेलाच्या बाटलीची जागा. तेल प्यायलेल्या लाकडाने रंग घेतलाच नाही. आईने पुन्हा घासलं, पुन्हा चोळलं. गोल हसतच होता. शेवटी त्यावर टाचण्यांचा ट्रे आला.

आणि एक तिसरा खण. तो ओढला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा. आईने तेल घातलं, मेणबत्ती घासली. फरक शून्य. गिऱ्हाइकांना ती सांगायची, “नवीन लाकूड आहे, हळूहळू बसेल.”

काकू आली ती कोटासाठी बटणं न्यायला. तेव्हा समोरच्या दवाखान्यातली नर्स ड्रेस घालून आरशापुढे उभी होती आणि आई गुडघ्यांवर बसून खालची कड टाचत होती. काकूने टेबल वरपासून खालपर्यंत पाहिलं. आईचा हात थांबला. काकू म्हणाली, “छान आहे गं.” बस्स, एवढंच. हात पुन्हा चालू झाला.

नर्स प्रत्येक वाक्याला शेपूट लावते. “मी पण तेच म्हणत होते ना! कुठून घेतलंत हो, सांगा ना?”

आईने खास टाचण्या काढल्या. “ऑर्डर देऊन बनवून घेतलं.” टाचण्या परत आत.

“बटणं कुठे ठेवतेस?” काकूने विचारलं. आईने सवयीने मानेनेच तिसरा खण दाखवला, आणि मग तिचे डोळे मोठे झाले. “उंऽऽऽ!” हा नवीन होता. याचा अर्थ, थांबा.

काकूने मूठ धरली, खण जरासा उचलला, डाव्या गुडघ्याने हलकेच रेटला. खण उघडला.

आवाज आलाच नाही.

मी कान टवकारून बसले होते, म्हणून सांगते, मशीनवरचं घड्याळ ऐकू आलं. काकू टेबलाकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघत होती. मग तिने ट्रे बोटभर सरकवला. गोल डाग पाहिला. ट्रे परत जागेवर ठेवला, अगदी नीट.

“तुम्ही पण असंच बनवून घ्या ना!” नर्स म्हणाली.

माझ्या तोंडात काकूचं ‘नाहीतरी’ तयार होतं. आईने मान खाली घातली होती. ती टोमण्याची वाट बघत होती.

“बघू,” काकू म्हणाली. “हिच्या कारागिराला वेळ असेल तर.”

बटणं घेतली, दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि गेली. टोमणा आलाच नाही. आईची मान मात्र खालीच राहिली. कानाच्या पाळ्या लाल.

रात्री जेवताना मी काकूचा ‘बघू’ काढायला लागले. एरवी आई म्हणते, “गप्प बस, कार्टे.” त्या दिवशी म्हणाली, “नको करूस.” इतकं हळू की बाबांनी भात वाढायचं थांबवलं.

सकाळी इस्त्री करता करता तिने फोन स्पीकरवर लावला. बराच वेळ तब्येत, पाणी, महागाई. मग इस्त्री उभी करून ठेवली.

“वहिनी, तो तिसरा खण... कसा उघडायचा?”



“थोडा उचलायचा आणि डावीकडून रेटायचा. पट्टी सैल आहे आतली. तुझ्या भाऊजींनी ठोकून ठोकून आणखी बिघडवली.” मग, “वरचं फूल कापलंस होय गं?”

“हो.”

“ते मला आवडायचं.”

आई टेबलावरची नसलेली धूळ पुसायला लागली. “ठेवलंय मी. बटणांच्या डब्यात. आणून देते.”

“नको. राहू दे तिथेच,” काकू म्हणाली. “आणि तो निळा रंग कुणी सुचवला?”

“मीच.”

“वाटलंच मला.”

संध्याकाळी नर्स ड्रेस न्यायला आली. “त्या कारागिराचा नंबर द्या ना!”

आईने हनुवटी वर केली नाही. “कारागीर वगैरे कुणी नाही. माझ्या मोठ्या जावेचं आहे. उतरलेलं.”

‘त’वर जोर नव्हता. लगेच तिने मूठभर टाचण्या तोंडात घातल्या. खरं तर टाचायला काहीच उरलं नव्हतं.