कोचच्या डब्यातले चाळीस फूट

…तर क्लाइडने रीळ मशीनवर चढवलं आणि घड्याळाकडे टक लावून बसला. भिंतीवरच्या नव्हे, पडद्यावरच्या. तिथंच काल जेवणाची हाक आली आणि गोष्ट अर्धवट राहिली. पण ते घड्याळ समजायचं तर आधी माणूस समजला पाहिजे.

क्लाइड ह्राबाक म्हणजे हॅडली फोर्कचा फोटोवाला. गाव पेनसिल्वेनियातलं, कोळशाचं आणि फुटबॉलचं; चेंडू काखेत मारून दुसऱ्याच्या छाताडावर धावून जायचं, त्या फुटबॉलचं. दर शनिवारी कॉलेजच्या संघाची मॅच असली की हा गडी प्रेक्षकांच्या छपरावर तिपाई रोवायचा आणि फिल्म काढायचा. स्वभावाने महासंशयी. चर्चच्या सोडतीत फादरनी चिठ्ठ्यांचं पिंप आणलं की हा पुढे होऊन ते पालथं घालून बघायचा, बुडाला काही चिकटवलंय का. बायको बर्निस म्हणायची, "अरे, माझ्या हातच्या कॉफीतसुद्धा चमचा घालून तळ बघतोस! विष घालायचं असतं तर लग्नाच्या वर्षीच घातलं असतं."

पण फिल्मच्या कामात माणूस सोन्यासारखा. त्या कामाचा एक धर्म होता. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ, त्यांना आपल्या मॅचची फिल्म आधीच बसने पाठवायची आणि त्यांनी त्यांची आपल्याला. अख्खी पाठवायची. जिंकलेली, हरलेली, फजितीची, सगळी. त्यातलं एक फूट कापलं तरी तो चोर. म्हणून प्रत्येक डावाआधी क्लाइड कॅमेरा गुणफलकावरच्या, किती वेळ उरलाय ते उलटं मोजणाऱ्या घड्याळाकडे न्यायचा आणि मगच मैदानावर आणायचा. काही गाळलं नाही, याला घड्याळ साक्षी.

आता कोच एमेट राउश. नऊ वर्षांत हा माणूस मोजून सात मॅच हरला होता. रस्त्याने निघाला की महापौर आधी टोपी काढायचा. १९५९च्या डिसेंबरात त्याला मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघाचं बोलावणं आलं. शेवटच्या मॅचची फिल्म पाठवा, सोमवारी आमची माणसं करार घेऊन येतात. क्लाइडने डबा आणून दिला.

"मी घालतो बसवर," कोच म्हणाला.

क्लाइडच्या डोक्यात तिथंच पाल चुकचुकली. स्वतःची छत्री कधी स्वतः न धरणारा माणूस, आणि आज डबा काखेत मारून बसच्या थांब्यावर निघाला?

सोमवारी पाहुण्यांसाठी घरोघर सफरचंदाचे केक भाजले गेले. पोरं वळणावर जाऊन उभी राहिली. मोटार काही आली नाही. मंगळवारी संघाच्या जेवणात कोच उठला आणि म्हणाला, "या पोरांना सोडून मी कुठंही जाणार नाही." दांडगे खाणकामगार ताटात मान घालून रडले. त्या दिवसापासून दर डिसेंबरात निष्ठेचं जेवण सुरू झालं.

गुरुवारी फिल्म परत आली. क्लाइडने ती लावली, ती हीच वेळ. चौथ्या सत्रात घड्याळ दाखवत होतं सहा मिनिटं दहा सेकंद. पुढच्याच चित्रात चार मिनिटं दोन सेकंद! मधे साध्या चिकटपट्टीने मारलेला वाकडातिकडा जोड. अंदाजे चाळीस फूट गायब.

त्या चाळीस फुटांत काय होतं, ते क्लाइडने भिंगातून बघितलं होतं. डॉनी पावलिक नावाचा पोरगा डोक्यावर आपटला, उठला आणि झोकांड्या खात चुकून समोरच्या संघाच्या बाकाकडे चालायला लागला. कोचने त्याची मानगूट धरली, तोंड फिरवलं आणि परत मैदानात ढकललं. गर्दीला दिसली ती पोराची पाठ. लोक ओरडले, "वाघ आहे, वाघ! स्वतःहून परत गेला!" पुढच्या टकरीनंतर तो वाघ उठला नाही.

जगला. पण डोकं पुन्हा ताळ्यावर आलं नाही; तेव्हापासून तो वाणसामानाच्या दुकानात पिशव्या भरायचा. क्लाइड दिसला की विचारायचा, "किती वेळ उरलाय?"

क्लाइड सांगायचा, "सहा मिनिटं दहा सेकंद, डॉनी."

"मग भरपूर आहे," म्हणत तो खुशीत पिशवी भरायचा.

महिन्याभराने कॉलेजांच्या मंडळाचं पत्र आलं. हॅडली फोर्कवाले कापलेली फिल्म पाठवतात, अशी बोंब व्यावसायिक संघाकडून सगळीकडे पोचली होती. आता फिल्म कापणार कोण? फिल्मवाला! कोच गप्प राहिला. क्लाइडला छपरावरून खाली उतरवलं. न्हाव्याच्या दुकानात लोक विचारायला लागले, "काय क्लाइड, लग्नाच्या फोटोत नवरा तरी ठेवतोस ना, की त्यालाही कात्री?" खरं सांगावं तर पुरावा नाही. लोक म्हणाले असते, चोराने उलट साधूकडे बोट दाखवलं. बावीस वर्षं त्याने तो डाग अंगावर वागवला.

मग १९८१ साल उजाडलं. कोच ऐंशीला टेकलेला. येत्या शनिवारी निष्ठेच्या जेवणात मैदानाला त्याचं नाव द्यायचं ठरलं आणि त्यानंतर तो लेकीकडे राहायला जाणार. घर आवरताना जुनं सामान अंगणात मांडून विकायची तिथली रीत. क्लाइडने टोपी घातली.

बर्निस म्हणाली, "जाऊ नकोस. लोक म्हणतील, उरलेली फिल्म कापायला आला."

"काय विकतोय ते बघून येतो. एकदा मैदानावर त्याच्या नावाची दगडी पाटी लागली की तिच्यापुढे माझं कोण ऐकणार?"

अंगणात टेबलावर दिवे, काचेची भांडी, मासेमारीचं सामान होतं. कोच पायांवर घोंगडी घेऊन खुर्चीत बसलेला. टेबलाच्या अगदी कडेला गळांनी भरलेला कॉफीचा जुना डबा होता.

"घे की," कोच म्हणाला. "अजून मासे लागतात त्यांना."

"फुकट?"

"फुकट."

झालं! फुकट म्हटल्यावर क्लाइड थोडाच सोडतोय? "बुडाला काय दडवलंय?" म्हणत त्याने सगळे गळ टेबलावर ओतले. लेकीने कपाळाला हात लावला. तळाशी हातरुमालात गुंडाळलेली फिल्म होती. क्लाइडने ती उन्हात धरली. इवल्याशा चौकटीत घड्याळ, सहा मिनिटं दहा सेकंद. आणखी थोडी उलगडली, तर पोराच्या मानगुटीवर एक हात.

क्लाइड खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. "कोच," तो म्हणाला, "ही कापली कुणी? आणि बावीस वर्षं माझ्या नावावर का खपवली तुम्ही?"

कोचने टेबलावरचा एक गळ उचलून परत डब्यात टाकला. मग म्हणाला, "कात्री माझी होती, क्लाइड. एवढं कापलं की माझा हात कुणाला दिसणार नाही, असं वाटलं. तुझ्या घड्याळाची मला आठवणच राहिली नाही. त्यांना ते दिसलं आणि नोकरी गेली. तुझं नाव पुढं आलं तेव्हा वाटलं, हा आज बोलेल, उद्या बोलेल. तू बोलला नाहीस, तर मला तुझाच संशय यायला लागला, की याच्या मनात आहे तरी काय? मला हे जाळवलं नाही आणि तोंडाने सांगवलंही नाही. सकाळपासून तीन वेळा तो डबा मी कडेला सरकवलाय, कारण अख्ख्या गावात डब्याचा तळ बघणारा माणूस एकच. आता शनिवारी तुझं मशीन घेऊन ये आणि हे जोडून सगळ्यांना दाखव. मी डॉनीच्या शेजारी बसतो. पाटीवर काय लिहायचं, ते त्यांना मग ठरवू दे."